गाडीची चूल

साडूची, तालायची, जपानी जीप पुन्हा बंद पडली ही बातमी शारशेनला गाड्यांच्या अड्ड्यावर समजली, आणि त्याला इतका आनंद झाला की हातातला उकळता चहा त्याने एका घोटात पिऊन टाकला. जीभ भाजली. तरी बरं वाटलं.

"कुठे पडली?" चेहरा जमेल तेवढा लांब करून त्याने विचारलं.

"खिंडीच्या अलीकडे," बातमी आणणारा कुबात म्हणाला. कुबात त्याच अड्ड्यावर गाडी चालवायचा. "चार्जिंगचा दिवा लागला, मग बॅटरी बसली. चावी फिरवली की नुसतं टक्. शेवटी घोडा जुंपून ओढत आणली."

"घोडा जुंपून? त्या गाडीला?"

"म्हातारा घोडा होता रे, शेजारच्या कर्पीकचा. वाटेत दोनदा थांबून लीद टाकली."

"अरेरे," शारशेन म्हणाला, आणि हसू दाबायला त्याला खोकावं लागलं. ढकलत आणली असती तर इतकी मजा आली नसती. पण एवढ्यात त्याचं लक्ष गेलं. बोलता बोलता कुबात सरकत सरकत आपल्या गाडीच्या बॉनेटसमोर जाऊन उभा राहिला होता, कोटाचे दोन्ही पल्ले उघडून, कोंबडीने पिल्लं झाकावीत तसा. कुबात आपली गाडी त्याच्या नजरेआड करत होता. शारशेनचं हसू तिथेच आटलं.

आता साडू हा प्रकारच असा आहे, की त्यात माणसाच्या हातात काही नसतं. भाऊ निदान आईबापांनी दिलेला असतो. साडू मेव्हणीने निवडलेला असतो, आणि तिने निवडताना आपल्याला कुणी विचारत नाही. शारशेनची बायको जांगिल थोरली, बेर्मेत धाकटी. बेर्मेतने तालायला निवडलं तेव्हा तालाय एक हसरा, बिनकामाचा पोरगा होता आणि शारशेनला तो आवडायचासुद्धा. बिनकामाचा साडू कुणाला आवडत नाही?

अत-बाशी गावात उन्हाळा लागला की जनावरं पुढे जातात आणि मागून घरं जातात, वर जायलूवर, डोंगरातल्या कुरणांवर. सासूबाईंचं, म्हणजे सोनून आपांचं, सगळं बिऱ्हाड वर्षानुवर्षं शारशेनच्या जुन्या रशियन जीपमधून वर गेलं होतं. युर्तच्या, म्हणजे गोल तंबूच्या, काठ्या टपावर, त्यावर घालायचे लोकरीचे जाड नमदे मागे, किटल्या मध्ये, आणि पुढच्या सीटवर मांडीवर गाठोडं घेतलेल्या आपा. प्रत्येक वळणावर त्या "हळू रे" म्हणायच्या. खरं तर ती जीप जोरात जाऊच शकत नव्हती, पण शारशेनला ते "हळू रे" ऐकायला फार गोड वाटायचं. ज्याच्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसून सोनून आपा वर जातात तो या घरचा जावई, बाकीचे जेवायला येणारे पाहुणे. असं कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण गल्लीतल्या कुत्र्यालाही ते ठाऊक होतं.

तालाय रशियात फरशा बसवायला गेला आणि या वसंतात परत आला तो पांढरीशुभ्र, उंच जीप घेऊन. तिच्या काचा बटण दाबलं की आपोआप खाली यायच्या. तालायला मात्र बॉनेट कसं उघडायचं ते माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने बॉनेट म्हणून डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं. शारशेनने ते पाहिलं आणि नंतर भेटेल त्याला सांगितलं.

गाडी अंगणात आली तेव्हा बायकांनी तिच्या बॉनेटवर पांढरी ओढणी घातली होती, नव्या नवरीच्या तोंडावर घालतात तशी. मग ओढणी बाजूला झाली आणि प्रत्येकाने तोंड बघण्याची भेट दिली. कुणी रुमाल बांधला, कुणी सीटवर टाकायला नमद्याचा तुकडा दिला, कर्पीकने एक कोकरू कबूल केलं. नवी नवरी असो, नवं मूल असो, नवा घोडा असो, पहिल्यांदा बघितलं की हात रिकामा ठेवायचा नाही. नुसतं बघितलं आणि काही दिलं नाही, की तेच बघणं नजर होऊन बसतं.

शारशेनने सगळ्यांत जास्त वेळ बघितलं. टायर बघितले, वाकून खालची स्प्रिंग बघितली, दार उघडून लावून त्याचा आवाज ऐकला. दार असं मऊ लागत होतं की त्याने ते पुन्हा एकदा उघडून लावलं. स्वतःच्या जीपचं दार तो लाथ मारून लावायचा.

"शारशेन, तू काय देतोस?" आपांनी हसत विचारलं.

"गाडी आहे आपा, नवरी नाही," दोन्ही हात खिशात खुपसून तो म्हणाला. "लोखंडाला कसली भेट?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग आपा हसल्या, इतर हसले, तळलेल्या बोर्सोकचं ताट फिरलं. आणि ते ताट शारशेनपर्यंत पोचेपोचेतो आपा बेर्मेतला म्हणाल्या, "या वर्षी मी तुमच्याच गाडीने वर येईन गं. माझ्या कमरेला जरा बरं पडेल."

त्या दिवसापासून शारशेनला अन्न गोड लागेना. इतकी वर्षं आपांच्या कमरेला काही झालं नव्हतं! रस्त्यात पांढरी जीप दिसली की तो मान फिरवायचा आणि आरशातून बघायचा. खिंडीत धोंडा घरंगळून तिच्या टपावर पडतोय असं त्याने मनात किती वेळा पाहिलं असेल, त्याचं त्यालाच ठाऊक. एकदा तर तो धोंडा त्याने निवडूनही ठेवला होता, तिसऱ्या वळणावरचा, करडा.

आणि मग आठवडाही झाला नसेल, तोच जीपचा चार्जिंगचा दिवा लागला. सकाळी गाडी सुरू होईना. बाजारपेठेतल्या मेकॅनिकने बॅटरी भरणारा अल्टरनेटर काढला, दुसरा बसवला. दोन फेऱ्या नीट झाल्या आणि पुन्हा तेच. मेकॅनिकने बॅटरी बदलली. पुन्हा तेच. दोन अल्टरनेटर काय एकाच रोगाने मरतात? मग लोक जे म्हणतात ते लोक म्हणाले. नाव कुणी घेतलं नाही. तोंड कुणी बघितलं आणि हात कुणी रिकामा ठेवला, ते सगळ्या अंगणाने पाहिलं होतं.

अड्ड्यावर गाड्यांची बॉनेटं त्याच्याकडे पाठ करून उभी राहायला लागली. एका म्हातारीने तो दिसताच नातवाचं तोंड शालीत लपवलं. आणि एके दिवशी सकाळी कोट घालताना त्याला दिसलं, की कोटाचा खालचा काठ कुणीतरी कापलाय.

"जांगिल! कोटाला उंदीर लागलाय का?"

जांगिल पीठ मळत होती. ती मान वर न करताच रडायला लागली.

"बेर्मेत आली होती. दोराच पाहिजे होता फक्त. आर्चाच्या झुडपाच्या धुरात जाळायला, नजर उतरवायला."

"माझी नजर! आणि तू कापू दिलास?"

"मी कुठे दिला? मी पाणी आणायला गेले होते."

"कात्री कुठे होती?"

"कोटावर ठेवून गेले होते," जांगिल म्हणाली आणि पिठाच्या हातांनी डोळे पुसले.

तिच्यावर ओरडायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. कारण खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही आता खात्री वाटत नव्हती. तो करडा धोंडा त्याने खरंच निवडला होता. घोडा जुंपून आणली ऐकल्यावर तो खरंच हरखला होता. नजर म्हणजे आणखी काय असतं? दिवसभर तो गाडी चालवत राहिला, आणि कुणाच्याही नव्या वस्तूकडे बघायची वेळ आली की खाली बघायला लागला.

जायलूवर जायच्या दिवशी सकाळी तालाय दारात येऊन उभा राहिला. बूट पुसलेले, चेहरा उतरलेला.

"दादा, राग मानू नका. एकदा बघता का गाडी?"

"मेकॅनिक आहे ना तुझा."

"तो म्हणतो तिसरा अल्टरनेटर टाकू."

"टाक की. मोठा माणूस आहेस. चौथाही टाक."

"दादा, सगळं सामान बांधून झालंय, आणि सकाळपासून स्टार्टर फिरत नाही." तालायने टोपी काढून हातात घेतली. "आपा म्हणाल्या, शारशेनला बोलव. त्याच्याशिवाय कुणाला कळत नाही."

'त्याच्याशिवाय कुणाला कळत नाही' हे ऐकून शारशेनला जे वाटलं ते त्याने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. पण पेच साधा होता आणि दोन्हीकडून टोचणारा होता. गाडी दुरुस्त केली तर आपा तिच्यात बसून जाणार, पुढची सीट गेली ती गेलीच. नाही केली तर आपा त्याच्या गाडीत बसतील, पण अख्खं गाव म्हणेल, बघा, नजर लावून सीट मिळवली. त्याने हत्यारांची पेटी उचलली.

अंगणात युर्तच्या काठ्या दोरीने बांधून ठेवल्या होत्या, नमदे गुंडाळले होते, आणि शेजारपाजार निरोप द्यायच्या निमित्ताने तमाशा बघायला जमला होता. कुबातही आला होता. पांढऱ्या जीपच्या पुढच्या सीटवर आपांची उशी आधीच ठेवलेली शारशेनला दिसली. भरतकामाची, लाल. ती उशी इतकी वर्षं त्याच्या गाडीत होती. उशी बघून त्याच्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो गाडी बघूनही झाला नव्हता.

त्याने आपली जीप शेजारी आणून तिच्या बॅटरीला वायरी जोडल्या आणि पांढरी जीप सुरू केली. मग पेटीतून आपला बल्ब काढला. बल्ब म्हणजे जुन्या ट्रॅक्टरच्या दिव्याला दोन वायरी जोडून, घोड्याच्या खोगिराच्या कातड्यात शिवून त्याने स्वतः केलेली वस्तू होती. वीज कुठे पोचते आणि कुठे नाही, ते तो बल्ब सांगायचा. आधी त्याने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या पाठीशी नेलं. टोक खेचलं गेलं, चिकटलं. म्हणजे आतली गुंडाळी जिवंत होती. वायरींना बल्ब लावला. लागला, पण मिणमिणता.

"तालाय, रेस दे."

तालायने पाय दाबला आणि बेल्ट असा किंचाळला की सगळे दोन पावलं मागे सरले. बल्ब वाढण्याऐवजी आणखी मंद झाला.

"बघा, हा जवळ गेला नाही तोच," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"बंद कर!" शारशेन ओरडला. आतापर्यंत त्याला अर्धं कळलं होतं. अल्टरनेटर नवाकोरा होता, चांगला होता. त्याला फिरवणारा बेल्ट त्याच्यावरून नुसता घसरत होता. पण बेल्टही नवा होता आणि ताणलेला होता, मग घसरावा का? त्याने बेल्टच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. बोट काळं झालं, आणि काळ्याखाली चमकलं. त्याने ते नाकाशी नेलं.

मेंढीच्या शेपटीची चरबी. ताजी, किंचित खारट, चुलीपाशी असते तीच.

तो आणखी वाकला. बेल्टच्या चाकाच्या कडेने जुने थर होते, धूळ बसून घट्ट झालेले. मेकॅनिकचे हात मुळातच तेलात बुडालेले, त्याला फरक कळणार कसा? आणि अल्टरनेटरच्या अंगावर, वरच्या बाजूला, चरबीचा अख्खा गोळा थापलेला होता, आजच सकाळी लावलेला, अजून न वितळलेला. त्यावर अंगठ्याचा ठसा होता. ठशावर आडवी चीर होती.

लोकर कातरायच्या कात्रीने अंगठ्यावर आडवा व्रण झालेली एकच बाई या घरात होती.

शारशेन बॉनेटखाली वाकलेलाच राहिला. एवढंच करायचं होतं, ताठ उभं राहायचं आणि बोट वर करून दाखवायचं. ही घ्या तुमची नजर! पुन्हा कुणी त्याच्याकडे पाठ केली नसती. पण तो ताठ झाला नाही, कारण त्याच्या मनात सुटकेच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. आपांनी हे या गाडीसाठी केलं. गुपचूप, पुन्हा पुन्हा, स्वतःच्या हाताने. चुलीपाशी बसून चरबी मऊ केली असेल, पदराआडून नेतात तशी बाहीत लपवून आणली असेल, चाचपडत कळ शोधून झाकण उचललं असेल, चवड्यांवर उभं राहून हात पोचवला असेल. त्याच्या जीपने आपांना इतकी वर्षं पाठीवर वाहिलं, तिच्या नशिबी हा अंगठा कधी आला नव्हता. पांढरा रंग, मऊ दार, बटणाच्या काचा, त्या सगळ्याचं त्याला आता काही वाटेना. त्याला त्या ठशाचं वाटत होतं.

"काय झालंय दादा?" तालायने विचारलं.

"थांब जरा," तो म्हणाला आणि हात पुसत सरळ अंगणाच्या मागे गेला. तिथे छपरीखाली सोनून आपा समोवरपाशी एकट्या उभ्या होत्या, निरोपाचा चहा करत.

"आपा," आवाज खाली ठेवून तो म्हणाला, "चरबी तुम्ही लावलीत."

आपांनी नाही म्हटलं नाही. "मग? नवी सून घरात आली की चुलीत चरबी टाकते. त्या घराच्या विस्तवाने तिला आपलं म्हणावं म्हणून. गाडी नवरीसारखी आणली, ओढणी घातली, सगळं केलं, आणि विस्तवाला काही द्यायचं नाही? गाडीची चूल त्या झाकणाखालीच असते ना?"

"चूल असते, पण ते चाक चूल नव्हे."

"मला काय कळतंय! जे फिरतं, घरघरतं, ते जिवंत, म्हणून त्याला लावली."

"आणि गाडी बंद पडली तेव्हा?"

"तेव्हा जास्त लावली," आपा म्हणाल्या.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी शारशेन पोट धरून हसला असता. आज त्याच्या जिभेवर एकच गोष्ट येऊन बसली होती, आणि ती चाळिशी उलटलेल्या माणसाने बोलण्यासारखी नव्हती. तरी ती आलीच.

"माझ्या गाडीला कधी लावली नाहीत."

आपांनी समोवरचं झाकण ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"तुझ्याच गाडीला पहिल्यांदा लावली होती. या घरात पहिली गाडी ती आली. तेव्हा हे होते. मी चरबी लावली, आणि दुसऱ्या दिवशी तू झाकण उघडलंस. या अंगणात उभा राहून काय ओरडलास, आठवतं? 'कुठल्या गाढवाने माझ्या बेल्टला चरबी फासलीय? सापडू दे, हात मोडून ठेवतो!' सगळी गल्ली बाहेर आली. मी इथेच उभी होते, याच समोवरपाशी. आणि हे आत चहा पिता पिता म्हणाले, 'म्हातारे, हात लपव.'"

शारशेनला आठवलं. बेल्ट आठवला, आपला आवाज आठवला. ते कुबातने केलं असं धरून त्याने आजपर्यंत कुबातला कधी जॅक उसना दिला नव्हता, तेही आठवलं.

"मला काय माहीत, आपा..."

"मी कशी सांगणार? नवा जावई, तापट. पुन्हा नाही लावली." आपांनी पेला पुसायला घेतला. "तुला सगळं येतं, तू सगळं उघडून बघतोस. तालायला झाकणसुद्धा उघडता येत नाही. त्याच्या गाडीला लावलं तर ओरडायला कोण येणार? म्हणून लावली."

बाहेर कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "गेला कुठे हा?" आणि कुणीतरी उत्तर दिलं, "असेल तोंड लपवत." आपांनी ते ऐकलं. त्यांच्या हातातला पेला थांबला.

"तुझ्यावर घेतायत का? चरबीचं?"

"नजरेचं."

आपांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी डोक्याचा रुमाल घट्ट केला. "थांब, मी जाऊन सांगते त्यांना."

"नको."

"का नको?"

कारण उद्यापासून गाव म्हणालं असतं, सोनून आपाने गाडीला चरबी चारून अल्टरनेटर आणि बॅटरी बदलायला लावली. जायलूवरच्या प्रत्येक युर्तमध्ये घोडीच्या दुधाच्या कुमिसच्या पेल्याबरोबर ही गोष्ट फिरली असती, आणि सगळ्यांत मोठ्याने बेर्मेत हसली असती. हे एक कारण. दुसरं कारण शारशेनने कधीच कुणाला सांगितलं नाही. आपांनी तालायच्या गाडीवर एवढी माया केली, हे जगाला कळावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

"गरम पाणी द्या," तो म्हणाला. "आणि कपड्यांचा साबण."

बादली आणि साबण घेऊन तो अंगणात आला तशी कुजबुज वाढली. त्याने बेल्ट काढला, गरम पाण्यात बुडवला आणि साबण लावून घासायला लागला. मग बेल्टची चाकं घासली, कडा खरवडल्या. अंगठ्याचा ठसा पुसताना त्याचा हात क्षणभर थबकला. मग त्याने तोही पुसला, जरा जास्तच जोराने.

"अगं बाई, स्वतःची नजर स्वतःच धुतोय," एक शेजारीण म्हणाली.

"बरं आहे, निदान कबूल तरी केलं," कुबात म्हणाला.

कुबातला निदान एक गोष्ट सुनवायला शारशेनची जीभ वळवळली. त्याने ती दातांखाली धरली. त्या चहाने भाजलेली अजून बरी झाली नव्हती, दुखली.

बेल्ट वाळवून, बसवून, ताणून त्याने पुन्हा वायरी जोडल्या. जीप सुरू झाली. "रेस दे," तो म्हणाला. आवाज नाही, किंचाळणं नाही. बल्ब भकभकून इतका लख्ख लागला की पुढे वाकलेल्या कुबातचे डोळे मिटले. तालायसमोरचा चार्जिंगचा दिवा विझला.

"दादा!" तालाय म्हणाला. "काय होतं हो?"

सगळे ऐकत होते. आपा छपरीच्या खांबाला धरून उभ्या होत्या.

"तोंड बघितलं होतं, भेट द्यायची राहिली होती," शारशेन म्हणाला. "ही घे." आणि कातड्यात शिवलेला तो बल्ब त्याने तालायच्या हातात ठेवला. तालायने तो उलटा धरला. त्याला त्याचं काय करायचं ते आयुष्यात कळणार नव्हतं, हे शारशेनला दिसत होतं, आणि तरी बल्ब दिला होता. बायकांनी "ओमीन" म्हणून तोंडावरून हात फिरवले. जांगिल रडली. कुबातने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "चल, आता माझीही बघ एकदा, थोडी गरम होते." नजर अशी धुऊन गेली, बादलीभर साबणाच्या पाण्याबरोबर, आणि ते पाणी गल्लीच्या गटारातून वाहत गेलं.

सामान चढलं. शारशेनच्या जीपवर काठ्या, नमदे, किटल्या. पांढऱ्या जीपमध्ये माणसं. आपांसाठी तालायने पुढचं दार उघडलं, उशी नीट केली. आपा दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. मग वळून घरात गेल्या आणि हात बाहीत घालून बाहेर आल्या. त्या शारशेनच्या जीपपाशी आल्या.

"उघड झाकण."

शारशेनने उघडलं. आजूबाजूला सगळे आपापल्या गाठोड्यांत होते. आपांचा हात बाहीतून बाहेर आला आणि सवयीने सरळ बेल्टकडे गेला. त्याने तो मनगटाला धरून वर नेला, बॉनेटच्या बिजागरीपाशी.

"इथे, आपा. इथे काही फिरत नाही."

"इथे लागू पडेल?"

"पडेल."

आपांनी बिजागरीच्या कोपऱ्यात चरबी दाबली आणि ओठांत काहीतरी पुटपुटलं. शारशेन वाकून बघत होता. ठसा उठला होता, आडव्या चिरेसकट. त्याला वाटलं होतं आता मन निवेल. पण त्याची नजर गोळ्याच्या आकारावर गेली.

"आपा, तालायच्या गाडीला याहून मोठा लावला होता तुम्ही."

आपांनी त्याच्याकडे बघितलं, पांढरे होत चाललेले त्याचे कल्ले बघितले. मग बाहीतली उरलेली सगळी चरबी काढून त्याच्या दोन्ही हातांवर आपटली. "घे! सगळी घे! पोराटोरांच्या वरताण आहेस," त्या म्हणाल्या, आणि पाय आपटत जाऊन पांढऱ्या जीपमध्ये बसल्या, पुढच्या सीटवर, गाठोडं मांडीवर घेऊन.

पांढरी जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि फाटकातून निघाली. तिच्या उघड्या काचेतून आपांचा आवाज आला. "हळू रे."  शारशेन तिच्या धुळीत आपल्या सीटवर चढला, लाथेने दार लावलं.

"हात पुसा की," जांगिल म्हणाली. "स्टिअरिंग निसटेल."

त्याने उजवा हात पँटला पुसला. डावा तसाच ठेवला.